गळ्यात काय होतं?

रस्त्यात भांबावलेलं कुत्रं दिसलं तर त्याच्या मागे धावायचं नसतं. आपण धावलो की ते पळतं, आणि पुढे गाड्या असतात. त्याला हाकही मारायची नाही. मला ते बरंच पडतं, कारण चारचौघांत मोठ्याने हाक मारणं मला कधी जमलं नाही. आपण कडेला त्याच्याकडे पाठ करून बसायचं आणि पिशवीतला पाव काढून, कागदाचा आवाज करत, सावकाश खायचा. थोड्या वेळाने कोपराला ओलं नाक लागतं. तेव्हाही वळून बघायचं नाही. अर्धा पाव मागे धरायचा, आणि तो खात असताना हळूच गळ्यात दोर घालायचा. दोर माझ्याकडे असतोच. गिरीजहून मी रोज केळीची पानं आणि फुलं घेऊन माणिकपूरला बाजारात बसते. पानांचे भारे केळीच्या सुकलेल्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधायचे असतात, त्यामुळे टोपलीत दोन-चार दोर पडलेले असतात.

असे सहा-सात कुत्रे मी आजवर घरी आणले. पकडायला मला भीती वाटत नाही. परत द्यायला वाटते.

पहिला होता तो पांढरा, केसाळ, उशीएवढा. दोन दिवसांत गाडीतून एक नवरा-बायको आले. बाईने कुत्र्याला उराशी धरून अशी काही रडली की मलाही रडू आलं. मी दिला. चार दिवसांनी माणिकपूरच्या एका इमारतीतले म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. दुसऱ्या हातात कुत्र्याची जेवायची वाटी होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. गाडी कुठल्या बाजूला गेली, एवढंच त्यांनी विचारलं. मी हाताने दाखवलं. ते त्या बाजूला थोडा वेळ बघत उभे राहिले आणि वाटी घेऊन परत गेले.

तेव्हापासून मी कोणाचं रडणं खरं धरत नाही. नाव घेऊन हाक मारली तरी धरत नाही. घरातल्या कुत्र्यांची नावं पाच-सहाच असतात, कुठलंही हाकारा, शेपूट हलते. शेपटीचं तर बोलूच नका, ती दूधवाल्यालाही हलते. मी काय करते, तर कुत्रा आणला की त्याच्या गळ्यातला पट्टा काढून तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते. कोणी न्यायला आलं की दार साखळीपुरतं उघडते आणि फटीतून एकच विचारते, "गळ्यात काय होतं?" रंग, घुंगरू, बक्कल, सगळं बरोबर सांगितलं तरच दार उघडायचं.

मागच्या हिवाळ्यात, एका बुधवारी दुपारी, टोपल्या रिकाम्या करून मी रिक्षा स्टँडकडे निघाले होते. चर्चमध्ये लग्न होतं. बँड जोरात वाजत होता आणि मध्येच कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. तेवढ्यात नाक्यावर ब्रेकचे आवाज झाले. बघते तर बस आणि रिक्षांच्या मधोमध एक मोठा सायीच्या रंगाचा कुत्रा, कान लोंबते, मानेवर दाट केस, चारही पाय फाकवून उभा. महागातला होता. रिक्षावाले शिव्या देत होते, एक जण त्याला चपलेने हाकलत होता. मी दुभाजकाच्या कडेला पाठ करून बसले. लोक बघत होते. त्यांची नजर मला पाठीवर जाणवत होती, नाक मात्र बऱ्याच उशिराने लागलं. मी गाड्यांकडे डोळे ठेवून, मागे हात नेऊन, चाचपतच त्याच्या गळ्यात दोर अडकवला आणि तसाच त्याला रिक्षात चढवला.

घरी आल्यावर मागच्या पडवीत जाऊबाईंच्या हातात दोर दिला आणि मी भात कालवायला आत गेले. थोरल्या जाऊबाई आणि आम्ही एकाच घरात राहतो. दिरांच्या मागे त्याच घराच्या मोठ्या आहेत. भात घेऊन बाहेर आले तर कुत्रा खांबाला बांधलेला होता आणि जाऊबाई चपला घालून कुठेतरी निघाल्या होत्या. मी कुत्र्याची मान बघितली. पट्टा नव्हता.

मला बरंच वाटलं. गळ्यात काही नाही, म्हणजे या वेळी खरं उत्तर होतं "काहीच नाही". खोटं बोलणारा काहीतरी सांगणारच. पट्टा लपवण्यापेक्षा ही परीक्षा चांगली, असं माझ्या मनात आलं.

हे म्हणाले, "रविवारपर्यंत ठेव. कोणी आलं तर ठीक. नाहीतर विरारला माझ्या ओळखीचा रिसॉर्टवाला आहे, त्याला राखणीला कुत्रा हवाय. तो नेईल." तिथे कुत्रा दिवसभर साखळीने बांधलेला असतो, हे मला माहीत होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याच्या दगडावर त्याला आंघोळ घातली. अंगावरचा फेस मळकट होता, पण मानेवरचा लाल व्हायला लागला. मी घाबरले. केस बाजूला करून जखम शोधली. कुठेच काही नव्हतं. पाणी ओतलं, गेलं. कॉलेजात जाणारी पुतणी शेजारी उभी होती. तिने ओल्या कुत्र्याचा फोटो काढला आणि माणिकपूरच्या नाक्यावर सापडला असं लिहून मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. पत्ताही टाकला. पत्ता टाकायचा नव्हता, पण तोवर गेला होता.

त्याच संध्याकाळी मोटारसायकलवरून एक तरुण आला. केस चोपडलेले, शर्टाला इस्त्री.

"काकी, देवासारख्या भेटलात. घरात कालपासून कोणी जेवलं नाही."

मी फटीतून विचारलं, "गळ्यात काय होतं?"

"लाल पट्टा. पडला असेल कुठेतरी. हा बघा ना फोटो, आपल्याच घरचा आहे." त्याने मोबाईल फटीला लावला. कुत्रा तोच होता. खाली आमचा धुण्याचा दगड होता आणि कडेला आमच्या निळ्या बादलीचा कान. पुतणीचाच फोटो त्याने कापून आणला होता.

माझ्या खांद्यावरून जाऊबाईंनी वाकून बघितलं. "अरे वा! मग बादलीही तुमचीच असणार. घेऊन जा ना! दगडही न्या, मी हात लावते उचलायला."

त्याने मोबाईल खिशात टाकला आणि मोटारसायकल वळवली. जाऊबाई हसून हसून पायरीवर बसल्या. मीही हसले, पण दाराची साखळी दोनदा तपासली. एक आला म्हणजे दुसराही येणार. स्वतः जमलं नाही तर कोणाला तरी पाठवतील, बाईमाणूस पाठवतील, असं मला वाटत राहिलं.

आणि शुक्रवारी दुपारी बाईच आली.

माझ्याच वयाची असेल. हातात प्लास्टिकची पिशवी, एका चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. गेटपासून दारापर्यंत ती धापा टाकत आली. जाऊबाई जेवून पडल्या होत्या. मी साखळी लावून दार उघडलं.

"ताई, कुत्रं घावलंय म्हनं तुमास्नी. माझं हाय त्ये."

मी तिच्याकडे बघितलं आणि पडवीतल्या कुत्र्याचा विचार केला. असा कुत्रा आणि ही बाई? काल तो, आज ही. तिच्यामागे रस्त्यावर मोटारसायकल उभी आहे का, ते मी मान उंचावून बघितलं. नव्हती. लांब उभी केली असेल.

"तुमचा कसा?"

"मी फ्लॅटात झाडू-फरशी करते. तितल्या सायबाचा हुता. ती मानसं परदेशात गेली, तवा म्हनाली, तू ठेव न्हायतर सोडून देतो. दीड वरीस झालं. परवा डॉक्टरला दावाया मानिकपूरला आनला, तर बँड वाजला आन रिक्षातनं उडी टाकली त्येनं."

बँडचं ऐकून मी दचकले. मग म्हटलं, बँड तर त्या दिवशी साऱ्या माणिकपूरने ऐकला होता.

"गळ्यात काय होतं?"

"काळा दोरा," ती लगेच म्हणाली. "त्यात कवडी. आन पिवळ्या फडक्यात भंडारा बांधलेला, खंडोबाचा. पावसाळ्यात लई आजारी हुता, जगंना. तवा बोलले हुते देवाला. कुत्रं त्याचंच की वो."

एवढं खुलासेवार ऐकून मला उलट खात्रीच पटली. खोटं असंच असतं, त्याला फुलं-पानं जास्त.

"गळ्यात काही नव्हतं," मी म्हटलं.

"असंल ताई. नीट बगा."

"नव्हतं. मी बघितलंय."

"मला बगू तरी द्या त्येला. लांबनं."

"नाही."

मागे पडवीत कुत्रा पायांनी फरशी खरवडत होता. तिने ते ऐकलं. तिचे डोळे भरले, आणि मला ती वाटीवाल्या म्हाताऱ्यासारखी नाही, गाडीतून आलेल्या बाईसारखी वाटली. मी दार लावून घ्यायला लागले तशी ती फटीत बोलली, "तुळिंजला ऱ्हाते मी. बाजाराच्या मागं, गिरनीपाशी. कवडीच्या कुत्र्याची बाई म्हून कुनाला बी इचारा, सांगतील." मी दार लावलं. ती गेटाबाहेर गेली तेव्हा कुत्रा तोंड वर करून ओरडला. तसा तो मोटारसायकलवाल्यासाठी ओरडला नव्हता. हे मी तेव्हा घरात कोणाला सांगितलं नाही.

मन रमवायला मी धुणं काढलं. सकाळी हळद सांडलेलं स्वयंपाकघरातलं फडकं होतं. दगडावर घेऊन त्याला साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की लाल होते, हे आम्ही बायका लहानपणापासून जाणतो. मी फडक्याकडे बघत राहिले. मग उठून पडवीत गेले, कुत्र्याच्या मानेचे केस उलटे केले. मानेभोवती केस दबून एक बारीक वाट पडली होती, बांगडीसारखी गोल. बरेच दिवस दोरा असल्याशिवाय अशी वाट पडत नाही.

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. जाऊबाईंना मी कधी "हे तुम्ही का केलंत" असं विचारलेलं नाही. त्या दिवशी त्यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ उभी होते. त्यांनीच डोळे उघडले.

"काय गो, भुतासारखी उभी?"

"कुत्र्याच्या गळ्यात काही होतं का?"

जाऊबाई आमच्या घरच्या बोलीत बोलतात, मी इथे सरळ लिहिते. त्या उठून बसल्या. "होतं. काळा दोरा, कवडी आणि पिवळी पुरचुंडी. कोयत्याने कापला मी."

"मला सांगितलं नाहीत."

"तुला काय सांगायचं? कोणीतरी आपल्या घरची बला कुत्र्यावर उतरवून नाक्यावर सोडली आणि तू ती रिक्षा करून घरात आणलीस! लिंबावर उतरवतात, कोंबड्यावर उतरवतात, तसं यांनी कुत्र्यावर उतरवलं. तरी कुत्र्याला राहू दिला, दोरा तेवढा तिठ्यावर टाकला. मागे न बघता आले."

"तो खंडोबाचा भंडारा होता. त्या बाईच्या देवाचा."

"कुठल्या बाईच्या?"

मी सांगितलं. त्यांनी सुटलेले केस बांधले. मग म्हणाल्या, "ती सांगते म्हणून देवाचा. आपल्याकडे कवडी कोण बांधतं कुत्र्याला?" आणि परत आडव्या झाल्या.

आमच्याकडे नाही बांधत, हे खरं होतं. मीही तो दोरा आधी बघितला असता तर कदाचित कोयताच शोधला असता.

तिठा आमच्या वाडीची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे आहे. तिथे काही ना काही पडलेलं असतं, कापलेली लिंबं, भात, बांगड्या. लहानपणापासून आम्हाला शिकवलंय, तिथलं ओलांडायचं नाही आणि हात तर लावायचाच नाही. सायकलवालेही वळसा घालून जातात. मी केळीच्या पानाचा तुकडा घेऊन गेले. दोरा रस्त्याच्या कडेला मातीत रुतला होता, वरून चाक गेलेलं. कवडीचा एक ओठ फुटला होता. पुरचुंडी मात्र शाबूत होती. मी वाकले आणि पान बाजूला राहिलं, मी हातानेच उचलला.

बस थांब्यावर आमच्या आळीतली एक काकी दोन सुनांना घेऊन उभी होती.

"अगो! काय उचलतेस तिथलं?"

खरं सांगायचं तर कुत्र्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिघी माझ्याकडे बघत होत्या. "माझं आहे," मी म्हटलं. "माझं पडलं होतं."

काकीने धाकट्या सुनेचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती दोन महिन्यांची पोटुशी होती. तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. तिठ्यावरचा काळा दोरा माझा! मी तोंड उघडलं, पण बस आली आणि त्या चढल्या. खिडकीतून तिघी माझ्या हाताकडे बघत होत्या.

शनिवारी सकाळी मी कुत्र्याला घेऊन निघाले. हे अंगणात होते. "कुठे?" म्हणाले.

"ज्याचा त्याला द्यायला."

"खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हती. दोरा खरा होता, पण दोऱ्याची गोष्ट तिने कोणाकडून ऐकली असेल तर? जाऊबाई तो टाकायला गेल्या तेव्हा कोणी बघितलं असेल तर? माझं मन असंच चालतं. रेल्वेच्या पुलावरून पलीकडे जाईपर्यंत ते थांबलं नाही.

तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. चौथा म्हणाला, "मावशी, माल चोरीचा नाही ना? पोलिसांनी धरलं तर मी म्हणणार, मला माहीत नाही, दोघं पॅसेंजर होते, एकाला शेपूट होती."

तुळिंजच्या बाजारात कुत्र्याने दोर ताणला. मला मागे चालायला लावून तोच पुढे निघाला. गिरणीपाशी डबे घेऊन बायका रांगेत होत्या. त्यांनी आधी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ए बाई! हा आपल्या कवडीवालीचा कुत्रा. तुझ्याकडे कसा?"

"सापडला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"सापडला का उचलला? तीन दिवस ती अन्न गिळत नाही."

"दोरा कुठाय त्याच्या गळ्यातला? ए, हिला विचार, दोरा कुठाय!"

"तोंड बघ ना हिचं. चोराच्या मनात चांदणं."

गिरणीवालाही पिठाचे हात पुसत बाहेर आला. मी पदराच्या गाठीतून दोरा काढायला गेले तर गाठ सुटेना. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. तेवढ्यात कुत्र्याने दोर माझ्या मुठीतून ओढून घेतला आणि गल्लीत शिरला. ती बाई तिथे नळावर हंडा भरत होती. हंडा कलंडला. ती ओल्या जमिनीवर बसली आणि कुत्रा तिच्या अंगावर चढून तिचे कान चाटत सुटला. ती रडत नव्हती. त्याचे पाय, पोट, कान एकेक करून तपासत होती, बाजारातून आणलेली वस्तू फुटली नाही ना बघावी तशी.

मग तिने मला बघितलं.

मी दोरा पुढे केला. तिने तो उजेडात धरला, कवडी उलटी करून बघितली. "फुटलीय."

"रस्त्यावर पडली होती."

"तुमी तर म्हनाला, न्हवताच दोरा."

"मला माहीत नव्हतं. घरात कापला होता. आम्हाला वाटलं, कोणीतरी..." बायका ऐकत होत्या. "करणी वाटली," मी एवढंच म्हटलं.

कोणीतरी मागे हसलं. ती हसली नाही. पुरचुंडीची गाठ तिने दाताने सोडली, आत बघितलं, चिमटीत घेऊन वास घेतला. माझ्यावर विश्वास नव्हताच तिचा, आणि का असावा? मग तिने चिमूट कुत्र्याच्या कपाळाला लावली, बोटांना राहिलेला भंडारा माझ्या कपाळावर ओढला. विचारलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "पुन्यांदा कुनाला इचारायचं झालं तर दार उगडून इचारा. फटीतनं समदी चोरच दिसत्यात."

चहा घ्या म्हणाली नाही. मीही थांबले नाही.

परत येताना रिक्षात पदराचं टोक दोनदा कपाळापर्यंत नेलं. पुसलं नाही. तिठ्यापाशी उतरले तेव्हा बस थांब्यावर दोघी-तिघी होत्या. त्यांनी माझ्या पिवळ्या कपाळाकडे बघितलं आणि बोलणं थांबवलं. मी पदर पुढे ओढून गल्लीत वळले. काकीची सून सुखरूप बाळंत होईपर्यंत काकी माझ्याकडून पानं घेणार नव्हती, हे मला त्याच वेळी कळलं होतं, आणि तसंच झालं.

जाऊबाई दारात बादली आणि साबण घेऊन उभ्या होत्या. "आत येऊ नको. आधी धू सगळं. दिलास?"

"दिला."

"तिचाच होता?"

"तिचाच."

त्यांनी माझ्या हातावर पाणी ओतलं. मी कपाळाला साबण लावला. फेस नाकावरून ओघळला आणि जाऊबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अगो, रक्त! मारलं का तुला तिथे?"

"हळद आहे, जाऊबाई. साबण लागला की लाल होते."

त्या वाकून बघत राहिल्या. मग पदराने माझं कपाळ स्वतःच टिपलं. पदराला डाग पडला. "मला काय माहीत नाही, हळद लाल होते ते?" त्या पुटपुटल्या. "त्या दिवशीच सांगायचं ना मला, आंघोळीला लाल फेस आला म्हणून."

मी तांब्या उचलून बादलीत ठेवला. कोणी कोणाला काय सांगायचं राहिलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं.